सेगावा-सानच्या वडिलांचे हात

सेगावा-सान लेखक आहेत असं वृंदाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "बरं, पण काम काय करतात?"

"बाबा, लिहिणं हेच काम."

"दिवसभर?"

"सकाळी पाच ते नऊ."

"म्हणजे अर्धी शिफ्ट," मी म्हणालो.

अंबरीष पाणी पिता पिता ठसकला. वृंदा हसली नाही.

वृंदा माझी मुलगी, अंबरीष जावई. टोकियोत ओजिमा भागात एका मोठ्या सरकारी वसाहतीत सहाव्या मजल्यावर ते भाड्याने राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. वृंदाची आई गेल्यापासून मी दर वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे येतो. ही तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत सेगावांना मी आवारात किंवा कचऱ्याच्या जागेपाशी पाहिलं होतं. बारीक अंगकाठी, करडं जाकीट, कमरेतून वाकून नमस्कार. मीही वाकायचो. त्यापलीकडे संबंध नव्हता. या खेपेला तो आला, आणि त्यात माझ्या हातून एक काम बिघडलं. ते कसं बिघडलं ते लिहितो.

सेगावा-सान, म्हणजे आपल्या भाषेत सेगावाजी, त्र्याहत्तर वर्षांचे, माझ्याहून दोनने मोठे. आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. बायको नऊ वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. चौतीस वर्षं पोस्टात होते, पत्रं वेगळी करण्याच्या खात्यात. सव्विसाव्या वर्षापासून कामावर जाण्याआधी रोज लिहायला बसायचे. निवृत्त झाल्यावरही वेळ बदलली नाही. पेन्सिलने लिहितात, चौकटी छापलेल्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. रोज सहा पानं, त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशी फाडतात. इतक्या वर्षांत चार कादंबऱ्या झाल्या. नाव झालं असं नाही. "माझे सगळे वाचक एका बसमध्ये मावतील, कुणाला उभं राहावं लागणार नाही," असं ते स्वतःच म्हणतात. हे मला वृंदाने सांगितलं. सगळं मला वृंदाच सांगायची.

तिची त्यांच्याशी ओळख कचऱ्यावरून झाली. सहा वर्षांपूर्वी ती इथे नवीन असताना तिने चुकीच्या वारी चुकीची पिशवी खाली ठेवली. पिशवीवर चिठ्ठी लागली आणि पिशवी तिथेच राहिली. त्या वर्षी त्या जागेची पाळी सेगावांकडे होती. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी रिकामी केली आणि वृंदाला एकेक वस्तू हातात घेऊन दाखवलं, हे कुठे, ते कुठे. रागावले नाहीत. एक तास लागला.

हा एक तास वृंदा येईल त्या पाहुण्याला सांगते. दहावीपर्यंत तिला मी सायकलवरून शाळेत सोडलं. तिसरी शिफ्ट करून आलो असलो तरी सोडलं. ते तिने कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

आता दर शनिवारी दहा ते बारा ती त्यांच्याकडे जायची. प्रकाशकाला कॉम्प्युटरवरची फाइल लागते, आणि सेगावांचे डोळे अधू झालेत. ते वाचून दाखवायचे, वृंदा टाइप करायची. जपानी ती पुण्यात असल्यापासून शिकते, आता तिला इथल्या लोकांसारखंच येतं. दुपारी घरी आली की जेवताना सुरू व्हायची.

"सेगावा-सान म्हणतात, सत्तरीनंतर वेळ पुढे सरकत नाही. खाली जातो. विहिरीसारखा."

अंबरीष म्हणाला, "वा."

वाक्य चांगलं होतं. पण तेच मी बोललो असतो तर ती म्हणाली असती, बाबा, गोळी घेतलीत का?

आणखी एकदा म्हणाली, "पोस्टात अपुऱ्या पत्त्याच्या पत्रांचा एक वेगळा खण असायचा. सेगावा-सान म्हणतात, चौतीस वर्षं मी ती पत्रं ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. एक दिवस लक्षात आलं की मी स्वतः त्याच खणात पडलोय. मग लिहायला लागलो."

"मागे तर सव्विसाव्या वर्षापासून लिहितात म्हणालीस," मी म्हटलं. "चौतीस वर्षं झाल्यावर लक्षात आलं तर आधी कशाला लिहीत होते?"

"बाबा, तुम्ही ना!"

माणूस आळशी निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. मी नऊ दिवस पाळत ठेवली. आमच्या बाल्कनीतून त्यांच्या खिडकीतलं टेबल दिसतं. मला पाचला जाग येतेच. पाचला दोन मिनिटं असताना ते बसलेले असायचे. मध्ये एकदा उठायचे, चहा आणायचे, पुन्हा बसायचे. नऊला थांबायचे. थांबल्यावर लगेच उठत नसत. छोट्या चाकूने सगळ्या पेन्सिलींना टोक काढून उद्यासाठी ओळीने लावून ठेवायचे. शिफ्ट संपल्यावर हत्यार पुसून, धार लावून मगच हात धुणारी माणसं आमच्या खात्यात तीन होती. मी त्यातला एक. नऊ दिवसांत एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. मी बाल्कनीतून आत आलो ते अधिकच चिडून.

ऑक्टोबरात एका शनिवारी वृंदा जेवताना म्हणाली, "नवी कादंबरी त्यांच्या वडिलांवर आहे. मला वाटलं नव्हतं इतकं अवघड जाईल. कारखान्यातले शब्द आहेत सगळे."

"वडील कशात होते?"

"कामाता भागात एक छोटा कारखाना होता. लेथ वगैरे बनवायचे. त्यात ते किसागे करायचे. म्हणजे लोखंडाचा पृष्ठभाग हाताने थोडा थोडा खरवडून..."

"स्क्रेपिंग," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत आहे?"

मी घास खाली ठेवला. "मी छत्तीस वर्षं तेच केलं."

"तुम्ही फिटर होतात ना?"

अंबरीषने माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. वृंदा सदतीस वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या, कॉलेजच्या, पासपोर्टच्या प्रत्येक फॉर्मवर मी 'फिटर' लिहिलं, कारण रकान्यात तेवढीच जागा होती. त्यापुढे तिने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण सांगायची जबाबदारी माझी होती असं मला तेव्हा वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या बापाचं काम तिला तोंडपाठ आहे.

ती मात्र उठून उभीच राहिली. "बाबा, तुम्ही पुढच्या शनिवारी चला. सेगावा-सान वेडे होतील. त्यांना कुणी सांगणारं मिळत नाहीये. वडिलांबरोबरचे सगळे गेले."

मी गेलो. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्यांची खोली स्वच्छ होती. टेबल, पुस्तकं, बायकोचा फोटो. त्यांनी मला टेबलापाशी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण स्टुलावर बसले. मला ते 'भिसे-सान' म्हणाले. वृंदा मध्ये बसली. ते विचारायचे, ती मराठीत करायची, मी उत्तर द्यायचो, ती जपानीत करायची.

मी काम सांगितलं. लेथचा बेड म्हणजे ज्यावर सगळं यंत्र सरकतं तो भाग. तो मशीनवर सपाट करून येतो, पण ते सपाट खरं सपाट नसतं. मग सरफेस प्लेटला, म्हणजे अचूक सपाट केलेल्या लोखंडी पाट्याला, रंगाचा पातळ हात द्यायचा, ती बेडवर घासायची. जिथे उंचवटा असेल तिथे रंग लागतो. तेवढाच भाग स्क्रेपरने उतरवायचा. पुसायचं. पुन्हा रंग, पुन्हा घासायचं. एका चौरस इंचात वीस ठिपके येईपर्यंत. एका बेडला आठ दिवस, कधी अकरा.

"त्यांनी विचारलंय, मग तो आरशासारखा होतो का?"

"नाही. आरसा करायचा नसतो. ठिपक्यांच्या मध्ये खळगे राहिले पाहिजेत, त्यात तेल थांबतं. आरसा केला तर यंत्र चिकटेल."

सेगावांनी मान हलवली, लिहून घेतलं, पुन्हा मान हलवली. इतकं कान देऊन मला आमच्या फोरमननेही ऐकलं नव्हतं. मला ते आवडत होतं आणि आवडतंय याचा रागही येत होता.

मग त्यांनी आपल्या उजव्या कमरेवर हात ठेवला. लहानपणी सार्वजनिक स्नानगृहात वडिलांबरोबर जायचे तेव्हा वडिलांच्या इथे एक काळा, जाड डाग दिसायचा. तो कशाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"स्क्रेपरची मूठ तिथे टेकवून अंगाने रेटतात," मी म्हणालो. "घट्टा पडतो. मलाही आहे."

वृंदाने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला?"

"मग काय."

त्या घट्ट्यावरून मला कळलं होतं की त्यांचा बाप खरा कारागीर होता आणि मुलाने नीट पाहिलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते मला कळत नव्हतं म्हणून केलं, अशी सोय मला नको आहे.

सेगावांनी पहिलं प्रकरण पुढे घेतलं. वृंदा वाचत वाचत मराठीत सांगू लागली. मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेत पालकांना बोलावलंय. सगळ्यांच्या आया आल्यात, याचा बाप आलाय, थेट कारखान्यातून. त्याचे हात लाल आहेत. नखांच्या कडा, बोटांच्या रेषा, सगळं लाल. मुलं विचारतात, तुझ्या बापाने कुणाला मारलं का? मुलगा म्हणतो, तो माझा बाप नाही, शेजारी आहे. बाप ते ऐकतो आणि हात जाकिटाच्या खिशात घालतो. कादंबरी तिथून सुरू होते. मुलगा सत्तरीत पोचतो तरी ते हात खिशातून बाहेर येत नाहीत.

वृंदाचा आवाज शेवटी जड झाला. सेगावा खाली बघत होते. मी बापाचा विचार केला नाही. मी तिच्या आवाजाचा विचार केला.

"लाल कसे?" मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ब्लू असतो. प्रशियन ब्लू. हात निळे होतात. लाल कुठून आले?"

"बाबा, त्यांच्या वडिलांचे हात आहेत."

"छत्तीस वर्षं माझे निळे होते. तुला आठवत नाहीत? सांग त्याला."

"त्यांना."

"सांग त्यांना. लाल चुकीचं आहे. ज्यांना काम कळतं ते हसतील."

तिने हळू आवाजात सांगितलं. सेगावांनी समोरच्या पानाकडे पाहिलं. मग एकच शब्द विचारला.

"ते विचारतायत, नक्की?"

"नक्की."

ते उठले आणि माझ्यापुढे वाकले. मग बसून पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावर एक रेघ मारली. वृंदाने कॉम्प्युटरवर शोधलं. लाल हात कादंबरीत एकेचाळीस ठिकाणी होते. सेगावांनी तिला सांगितलं, सगळीकडे बदला. लहानपणचा डोळा कच्चा असतो, कारागिराचा शब्द पक्का.

त्यानंतरचे दोन आठवडे माझे होते.

वृंदा कामावरून आली की माझ्याजवळ बसायची. ठिपके मोजायचे कसे? स्क्रेपरला धार कशी लावायची? पहिल्या वर्षी काय शिकवलं? एका रविवारी तिने मला ओट्यापाशी उभं केलं आणि लाटणं हातात दिलं. "दाखवा." मी लाटण्याचं टोक कमरेला टेकवलं, गुडघे वाकवले, रेटून दाखवलं. तिने करून पाहिलं. "हातानं नाही," मी म्हणालो, "हात फक्त दिशा देतात. जोर मांडीतून." ती पुन्हा पुन्हा करत राहिली, अंबरीष फोनवर चित्रण करत राहिला. "बाबा, हे तुम्ही दिवसाला आठ तास करायचात?" "जेवणाची अर्धा तास सुट्टी असायची," मी म्हणालो. ती लाटणं हातात घेऊन तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली. असं तिने मला याआधी पाहिलं नव्हतं.

सेगावांचं नाव त्या दोन आठवड्यांत फारसं निघालं नाही. एकदा ती म्हणाली, "सेगावा-सान गप्प गप्प आहेत." मी सकाळी पाहिलं. पाचला ते बसले होते. पेन्सिल हातात होती, कागदावर चालत नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. दमले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा लिहायला लागले, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

मग एका रविवारी दारावरची घंटा वाजली. सेगावा-सान दारात उभे, हातात कापडात गुंडाळलेली लांबट पेटी. ते याआधी कधी वर आले नव्हते. आत यायला तयार होईनात. दारातच त्यांनी पेटी दोन्ही हातांनी पुढे केली.

वृंदाने सांगितलं, "वडिलांचा स्क्रेपर आहे. ते गेल्यापासून पेटी उघडली नव्हती म्हणतात. काम न येणाऱ्याच्या घरात तो नुसता पडून आहे. तुमच्याकडे असू द्या."

मी घेतला. वृंदाचे डोळे भरले होते. मी मान ताठ ठेवली.

मंगळवारी दोघं ऑफिसला गेल्यावर मी पेटी उघडली. हत्यार उत्तम होतं. पातं आमच्यापेक्षा लांब, मुठीच्या टोकाला कमरेला टेकवायची रुंद लाकडी चकती. मुठीवर सुती दोरी घट्ट गुंडाळलेली, पण जुनी, मळून काळी आणि सैल पडलेली. दुसऱ्याचं हत्यार हातात आलं की आधी मूठ आपल्या हाताची करून घ्यायची, ही आमची पद्धत. मी दोरी सोडली.

आतलं लाकूड शेंदरी होतं. रंग दिलेला नव्हता. तेलात कालवलेलं काहीतरी वर्षानुवर्षं बोटांतून दोरीत आणि दोरीतून लाकडाच्या रेषांत मुरलं होतं. मी बोट घासलं. बोटावर आलं. गावच्या मारुतीच्या अंगावर असतो तोच शेंदूर.

आयटीआयच्या पहिल्या वर्षी आमचे मास्तर फळ्यावर लिहायचे: मार्किंगसाठी प्रशियन ब्लू अथवा शेंदूर. परीक्षेला हा प्रश्न आला होता. मी दोन्ही नावं लिहिली होती. कारखान्यात गेलो तिथे ब्लू होता, म्हणून शेंदूर मागे पडला. सेगावांच्या खोलीत 'नक्की' म्हणताना तो फळा मला आठवला नव्हता, असं मी नंतर वृंदाला सांगितलं. ते खरं आहे की नाही, हे मला आज सांगता येत नाही. आठवायचा प्रयत्न मी केला नव्हता, एवढं खरं.

मी दोरी पुन्हा गुंडाळली. होती तशीच, तितक्याच वेढ्यांत.

संध्याकाळी वृंदाने विचारलं, "कसं आहे हत्यार?"

"चांगलं आहे."

छत्तीस वर्षांत तपासनिसाला दाखवायच्या आधी, चूक झाकायला, मी कधी ठिपका पुसला नव्हता. बुधवारी तिने विचारलं, घट्टा दुखायचा का? मी सांगितलं. गुरुवारी विचारलं, आईला माहीत होतं का तुम्ही नेमकं काय करता? मी सांगितलं, तिला माहीत होतं, ती त्यावर तेल चोळायची. वृंदा रडली. शुक्रवारी तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "माझे वडील स्क्रेपिंगचे कारागीर होते." मी शेजारच्या खोलीत होतो. शेंदराबद्दल सांगितलं की हे सगळं पुन्हा तिसऱ्या मजल्यावर जाणार, हे मला दिसत होतं. न सांगितलं तर एका माणसाच्या बापाचे हात कायमचे निळे छापले जाणार, हेही दिसत होतं. चार दिवस मी पहिलंच बघत राहिलो.

शनिवारी ती कॉम्प्युटर पिशवीत घालत म्हणाली, "आज शेवटचं वाचन. सोमवारी फाइल प्रकाशकाकडे जाते."

ती बूट घालायला बसली. मी पेटी आणली.

"थांब."

"बाबा, उशीर होतोय. ते दहाला म्हणजे दहाला..."

मी तिच्यासमोर दोरी सोडली आणि मूठ तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"शेंदूर. इथे शेंदूर लावायचे. त्यांचं बरोबर होतं."

तिने लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, बाबा."

तिने बूट चढवले. लिफ्टमध्ये मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिली. मी पेटी धरून मागे उभा होतो.

सेगावांनी दार उघडलं. मी बसलो नाही. मूठ टेबलावर ठेवली आणि वृंदाला म्हणालो, "सांग. मी चुकीचं सांगितलं. हात लालच होते."

तिने सांगितलं. सेगावांनी चष्मा काढला, मूठ डोळ्यांजवळ नेली. अंगठा लाकडावरून फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. मग तो अंगठा तसाच वर धरून बसले, कुठे पुसला जाऊ नये म्हणून.

तसं बसूनच बोलले.

"ते म्हणतायत, तुम्ही हे न सांगताही राहू शकला असतात. का सांगितलंत?"

"सांग, काम चुकलं होतं."

वृंदा बोलायला लागली. बराच वेळ बोलली. सेगावांनी एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"तेच."

"एवढं लांब?"

"जपानीत लांब होतं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग सेगावांनी खणातून काही पानं काढून तिच्यापुढे ठेवली. सात पानं. ही त्यांनी गेल्या आठवड्यात लिहिली होती आणि आज ती टाइप करायची होती. वृंदा वाचायला लागली. दुसऱ्या पानावर तिने तोंडावर हात ठेवला.

"काय लिहिलंय?"

"थांबा बाबा."

मी खुर्ची ओढून बसलो. ती वाचत होती आणि आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसलो होतो, एकमेकांची भाषा नसलेले. त्यांनी मला चहा ओतून दिला, डाव्या हाताने. सातवं पान संपल्यावर वृंदाने मला सांगितलं, तेही थोडक्यात. हात लाल नव्हते असं मी सांगितल्यावर सेगावा चार दिवस नुसते बसून होते. मग त्यांनी लिहिलं: हात लाल नव्हते, तर शाळेत मला लाज कशाची वाटली? चौसष्ट वर्षं मी त्या रंगावर सगळा दोष ठेवला. रंग काढून घेतल्यावर खाली बापच उरला. मला हातांची लाज वाटली नव्हती. बापाची वाटली होती. त्या सात पानांत एवढं होतं.

"ते म्हणतायत, सगळ्या पुस्तकात ही सात पानंच खरी झालीत," वृंदा म्हणाली. "निळे केलेले हात पुन्हा लाल करायचे. पण ही पानं राहणार. भारतातून आलेल्या एका कारागिराने हात निळे असतात असं सांगितलं, हेही राहणार. तुम्ही आहात त्यात."

"नाव आहे?"

"नाव नाही."

चुकीचा घासलेला बेड भंगारात जातो. मी दोन घालवलेत, दोन्हींच्या तारखा आठवतात. त्यातून कधी काही निघालं नाही. या माणसाला मी खोटं सामान दिलं आणि त्याने त्यातून आपलं सगळ्यात चांगलं काम काढलं, तेही चार दिवस पेन्सिल न हलवता. आणि माझी मुलगी त्या पानांवरून हात फिरवत होती.

"घरी जा तुम्ही," ती म्हणाली. "एकेचाळीस जागा बदलायच्यात. वेळ लागेल."

"बसतो."

मी बसलो. एकेक जागा ती बदलत गेली, मोठ्याने आकडा म्हणत. जपानीत म्हणत होती, पण एकेचाळीसपर्यंतचे आकडे मला येतात. एकही सुटला नाही.

घरी जाताना ती पुढे चालत होती.  रात्री जेवताना सेगावा-सान काय म्हणतात हे निघालं नाही. अंबरीषने दोनदा आमटी वाढून घेतली, एवढीच हालचाल.

रविवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. वृंदा येऊन चिमटे देत उभी राहिली. चार-पाच चिमटे झाल्यावर म्हणाली, "तुमचे हात निळे असायचे. मला आठवतात. मी लहान होते तेव्हा तुम्ही माझ्या वेण्यांना हात लावायचा नाहीत. रिबीन आईच बांधायची."

"रिबीन पांढरी होती."

"म्हणून?"

"डाग पडला असता. तुझ्या शाळेत एक बाई होत्या, मुलींच्या रिबिनी तपासायच्या."

तिने पुढचा चिमटा दिला. मग म्हणाली, "ब्लू बोटाने किती पातळ करायचा ते तुम्ही परवा सांगत होतात. ते तरी खरं आहे ना?"

"ते खरं आहे."

"मग सांगा पुढे."

मी सांगायला लागलो. प्लेटवर बोट फिरवताना रंग बोटाला ओढ देतो. ती ओढ सुटली की रंग पातळ झाला असं समजायचं. ते डोळ्याला दिसत नाही आणि कुणाला शिकवताही येत नाही. मला ते कळायला बारा वर्षं लागली. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी वृंदाचा जन्म झाला, हे मी आजवर कुणाला बोललेलो नव्हतो; आज तिला सांगितलं.

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"बाबा, हे सेगावा-सानना सांगू?"

"नको," मी म्हणालो.